मदत हवी आहे: नवीन देशात गेलेला भाचा गप्प गप्प झालाय

नमस्कार मंडळी, भाचा १५ वर्षांचा आहे, ताई-भावोजींसोबत दुसऱ्या देशात राहायला गेलाय. सुरुवातीला सगळं भारी वाटायचं त्याला, सारखे फोटो पाठवायचा, आता फोन केला की नुसतं हं, ठीक आहे, बस.

मला खरी काळजी शाळेची आहे. तिथली भाषा तो आता फाडफाड बोलतो त्यामुळे टीचरना वाटतं याला सगळं कळतंय, पण इतिहास-सायन्सचे धडे पार डोक्यावरून जातात आणि मार्क कमी पडले की आळशी म्हणून मोकळे. जिम कमिन्स नावाच्या संशोधकाचं म्हणणं असं की बोलण्यापुरती भाषा साधारण २ वर्षांत येते पण अभ्यासाची भाषा यायला ५ ते ७ वर्षं लागू शकतात. हे शाळेला कसं पटवायचं?

त्यात घरी बँक, सरकारी पत्रं, डॉक्टर, सगळीकडे दुभाषा तोच. आईच्या दुखण्याचं डॉक्टरला पोराने समजावून सांगायचं हे मला तरी बरोबर वाटत नाही (ताईला बोललो तर चिडते, असो). बऱ्याच हॉस्पिटलांत दुभाषा मागता येतो ना?

कुणाची मुलं या वयात गेली असतील तर प्लीज सांगा, शाळेकडे एक्स्ट्रा सपोर्ट मागताना नेमकं काय बोललात, काउन्सेलरचा उपयोग झाला का, मित्र कुठे मिळाले, खेळात की अजून कुठे? आणि मी लांबून काय करू, सारखं विचारत राहू की थोडं सोडून देऊ? 'होईल हळूहळू' सोडून काहीही चालेल.