मदत हवी आहे: नांगरट सोडली, केना तण वाढलं

नमस्कार मंडळी. यवतमाळकडची काळी भारी जमीन, कोरडवाहू ५ एकर. सोयाबीनच्या ४ ओळी, मग तुरीच्या २, असं आंतरपीक घेतो. ट्रॅक्टरचं भाडं परवडेना म्हणून दोन वर्षं नांगरट बंद केली, फक्त वखराच्या (वरवरची माती हलवणारं अवजार) पाळ्या. खर्च वाचला, ओलही बरी टिकते. पण यंदा केन्यानं पार हैराण केलंय! उपटून धुऱ्यावर (बांधावर) टाकला तरी पावसात कांड्यांना मुळ्या फुटून पुन्हा हिरवा. लव्हाळा या दुसऱ्या तणाचं तर बोलूच नका, वरून काढला तरी खाली गाठी शाबूत. बाबा म्हणतात, "उन्हाळ्यात खोल नांगर, गाठी उन्हानं वाळतील." पावसाची झड लागली की डवरे (ओळींमधलं तण काढायची अवजारं) चालत नाहीत. मग बायांचं निंदण, आणि नांगरटीचे वाचलेले पैसे तिथंच जातात.

विचारायचं हे, की दर तीन वर्षांतून एकदा नांगरून मधली दोन वर्षं वखरावर भागवलं तर हिशोब जमतो का? उगवणीपूर्वी पेंडीमिथॅलिन हे तणनाशक दोन्ही पिकांना चालतं, पण उगवणीनंतर सोयाबीनमधलं तणनाशक मारताना शेजारची तूर कशी सांभाळता? तुरीच्या ओळी कमी केल्या तर डवरणी सोपी होईल, पण सोयाबीन पडलं की तूरच तारते. स्वतः केलंय त्यांनी एकरी खर्चासकट सांगा.