मदत हवी आहे: इंटरनेटची लाइन बदलली की सर्व्हरचं नाव सापडत नाही, प्रोग्राम रीस्टार्ट केला की लगेच सापडतं

नमस्कार मंडळी,

कोल्ड स्टोरेजमधल्या तापमानाचे आकडे सर्व्हरला पाठवणारा सी भाषेतला छोटा प्रोग्राम आहे. मशीन जुनं आहे, सेंटओएस ७ (लिनक्स), जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी) २.१७. ब्रॉडबँड गेलं की डाँगल आपोआप सुरू होतं आणि तिथूनच गडबड होते. नावावरून आयपी पत्ता शोधणारं गेटअॅड्रइन्फो हे फंक्शन दर वेळी उणे ३ देतं, म्हणजे 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन'. तात्पुरतं म्हणावं तर रात्रभर तेच चालू राहतं. त्याच मशीनवरून त्याच नावाला पिंग मात्र व्यवस्थित जातं.

एसट्रेस (प्रोग्राम सिस्टीमकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) लावून पाहिलं. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये डाँगलचा नेमसर्व्हर (नावाचा आयपी सांगणारा सर्व्हर) आलेला आहे, पण प्रोग्राम अजून ब्रॉडबँडच्या राउटरलाच ५३ पोर्टवर विचारत बसतो. ५ सेकंद वाट बघतो, पुन्हा विचारतो, पुन्हा ५ सेकंद. तेवढा वेळ सगळा लूप अडकतो आणि तापमान वाढल्याचा भोंगा त्याच लूपमध्ये आहे. आकडे उशिरा गेले तरी चालेल, भोंगा उशिरा वाजून चालणार नाही. आत शेतकऱ्यांचा माल असतो.

चालू प्रोग्रामला ती फाइल पुन्हा वाचायला कशी लावायची? आणि उणे २ आलं तर तिथेही रीट्राय करायचा का? कोडमध्ये थेट आयपी टाकायचा सल्ला कृपया नको, सर्व्हरवाले तो बदलत असतात.

प्रतिसाद:
तुमची जीलिबसी ती फाइल पहिल्यांदा नाव विचारताना वाचते आणि तेच धरून ठेवते. पिंग दर वेळी नवी प्रोसेस असते, म्हणून त्याला नवा नेमसर्व्हर दिसतो. २०१७ सालच्या २.२६ पासून फाइल बदलली की आपोआप पुन्हा वाचली जाते. तुम्ही उणे ३ आलं की रेस_इनिट (ती फाइल पुन्हा वाचायला लावणारं फंक्शन) कॉल करा आणि मग पुन्हा विचारा. उणे २ बहुतेक वेळा 'असं नावच नाही' हे नेमसर्व्हरचं उत्तर असतं. तिथे लगेच रीट्राय करून उपयोग नाही, लॉगमध्ये नोंदवा आणि नाव तपासा. उणे ११ आलं तर खरं कारण एररनोमध्ये (सिस्टीमचा एरर नंबर ठेवणारा व्हेरिएबल) मिळेल.

भोंगा मात्र आजच वेगळ्या थ्रेडमध्ये (त्याच प्रोग्रामात समांतर चालणारा भाग) काढा. गेटअॅड्रइन्फोला टाइमआउट देता येत नाही, सॉकेटवर लावलेला टाइमआउट तिथे लागू होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. रेस_इनिट टाकल्यावर लाइन बदलूनही आकडे गेले. भोंगा वेगळा काढतोय. आता थ्रेड दोन झाले, तर रेस_इनिट नाव विचारणाऱ्या थ्रेडमधूनच कॉल करायचं ना?