सर्फबोर्डाला काइटसर्फिंगसाठी फूटस्ट्रॅप बसवावेत का, आणि बसवायचे तर कसे?

खारावारा (प्रश्न)

नमस्कार. गेले दोन हंगाम मी ट्विन टिपवर (दोन्ही टोके सारखी असलेल्या काइट बोर्डावर) काइटसर्फिंग, म्हणजे पतंगाच्या ओढीने पाण्यावर सरकण्याचा खेळ, करत आहे आणि अलीकडे लाटांसाठी एक जुना, साधा सर्फबोर्ड वापरू लागलो आहे. बोर्ड सहा फूट लांब आणि तीन फिनचा (बुडाखालच्या पंखांचा) आहे. सपाट पाण्यावर तो छान चालतो. पण वारा वाढून पाणी खडबडीत झाले, की प्रत्येक उसळीला बोर्ड पायांखालून निसटतो आणि छोटी उडी मारली तरी मी एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे अशी गत होते. म्हणून त्याला फूटस्ट्रॅप, म्हणजे पाय अडकवायचे पट्टे, बसवण्याचा विचार आहे.

माझ्या तीन शंका आहेत. लांब स्क्रू थेट डेकमध्ये (बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागात) पिळून स्ट्रॅप टिकतील का? स्ट्रॅपची जागा कशी ठरवायची? आणि मुळात काइटसाठी न बनवलेला बोर्ड हा भार सोसेल का? मागच्या पायाची टाच जिथे पडते तिथे डेकवर आधीच दोन उथळ खळगे पडले आहेत आणि अंगठ्याने दाबले असता ती जागा किंचित दबते, हेही सांगून ठेवतो.

जुना_कारागीर

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. सर्फबोर्ड म्हणजे हलक्या फोमवर चढवलेले काचतंतू आणि रेझिन यांचे पातळ कवच. त्या कवचाची जाडी एक-दोन मिलिमीटरच्या आसपास असते आणि खालचा फोम स्क्रूला धरून ठेवू शकत नाही. उडीत स्ट्रॅप वर ओढला जातो, वळताना तो बाजूला पिळला जातो, आणि अशा आलटून-पालटून येणाऱ्या ताणाने स्क्रूभोवतीचे भोक दिवसेंदिवस मोठे होत जाते. स्ट्रॅप निघून येईल तो दिवस पुढचा. त्याच्या कितीतरी आधी तिथून पाणी आत शिरलेले असेल.

म्हणून स्क्रूसाठी प्लग (बोर्डात पक्की बसवायची, आतून आटे असलेली पुंगळी) लागतो, प्लगसाठी त्याच्याभोवती घट्ट फोमचा ठोकळा लागतो, आणि त्या ठोकळ्याचा भार आजूबाजूच्या कवचात पसरावा यासाठी वरून काचतंतूच्या कापडाचे थर लागतात. तयार काइट सर्फबोर्डांत एम६ (६ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूच्या) आट्यांचे धातूचे इन्सर्ट अशाच पद्धतीने बसवलेले असतात.

कामाला हात घालण्यापूर्वी बोर्डात कोणता फोम आहे ते ओळखा. जुन्या दुरुस्तीच्या जागी किंवा एखाद्या चिरेत बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले तर तो ईपीएस, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा फोम. एकसंध, बारीक पोताचा आणि उन्हाने पिवळसर पडलेला असेल तर बहुधा पॉलियुरेथेन. डेकवर हवा सोडण्यासाठी छोटा व्हेंट प्लग असेल तर ईपीएसची शक्यता जास्त. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन ईपीएसला अक्षरशः विरघळवते. इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचे रेझिन मात्र दोन्ही फोमवर चालते. जुन्या पॉलिएस्टर कवचावरही, ते नीट घासून घेतले असेल तर, इपॉक्सी उत्तम धरते. त्यामुळे घरी काम करणाऱ्याने दुसरा विचारच करू नये, असे माझे मत आहे.

माझी पद्धत अशी. जागा आखून झाली की डेकवरचे मेण पूर्ण काढावे, आखलेल्या जागेभोवती ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासावे आणि मग राउटरने (खाचा कोरण्याच्या यंत्राने) किंवा होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने), खोलीचा अडसर लावून, ठोकळ्याच्या मापाचा खड्डा करावा. ठोकळा साधारण ८० किलो प्रति घनमीटर घनतेच्या पीव्हीसी फोमचा घ्यावा. ईपीएस बोर्डांचा फोम १६ ते ३२ किलोंच्या दरम्यान असतो, त्यावरून फरक लक्षात येईल. प्रत्येक प्लगभोवती ५-६ सेंटीमीटर रुंदीचा ठोकळा पुरतो. खड्ड्याखाली किमान १० मिलिमीटर मूळ फोम शिल्लक राहू द्यावा. ठोकळा आणि प्लग घट्ट केलेल्या इपॉक्सीत बसवावेत. फ्यूम्ड सिलिका (घट्टपणा आणणारी बारीक पूड) मिसळून ती इतकी घट्ट करावी, की काडीवरून ओघळणार नाही. ती वाळल्यावर सर्व डेकच्या पातळीत घासून, २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या कापडाचे दोन थर द्यावेत. पहिला ठोकळ्याच्या कडेबाहेर तीन सेंटीमीटर जावा आणि दुसरा सहा, म्हणजे भार एकाच रेषेवर तुटून पडत नाही. प्लगचे तोंड आधी मेणाने किंवा चिकणमातीने बुजवायला विसरू नये; आट्यांमध्ये शिरलेली इपॉक्सी काढणे हा अत्यंत मनस्ताप देणारा उद्योग आहे.

तुमच्या बोर्डावरच्या खळग्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. उडीवरून उतरताना सगळा भार टाचांतून खाली जातो, त्यात स्ट्रॅपचा काहीच वाटा नसतो. अंगठ्याने दाबल्यावर जागा दबते याचा अर्थ तिथे कवच फोमपासून सुटू लागले आहे. ती जागा आधी दुरुस्त करून टाचांखाली एक रुंद थर वाढवल्याशिवाय स्ट्रॅप बसवू नका, कारण स्ट्रॅप आले की तुम्ही उंच उड्या मारणार आणि पाय दर वेळी नेमके त्याच जागी आदळणार.

उलटा_प्रवाह

वरचे कारागिरीचे मार्गदर्शन अचूक आहे, तरी जागा ठरवण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण चुकीच्या जागी उत्तम बसवलेला स्ट्रॅप ही सर्वांत त्रासदायक गोष्ट आहे.

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ दिशेचा असतो. पाय बोर्डावर आडवा असतो आणि स्ट्रॅप पायावरून आडवा जातो. म्हणजे स्ट्रॅपच्या दोन टोकांना जोडणारी रेषा बोर्डाच्या लांबीला जवळपास समांतर येते. मागच्या पायाच्या बाबतीत ती अगदी समांतर ठेवली तरी चालते. पुढच्या पायाची बोटे नाकाकडे थोडी वळलेली असतात, म्हणून ती रेषा १५ ते ३० अंशांनी तिरकी करावी. तीन फिनच्या बोर्डावर मागच्या स्ट्रॅपचा मध्य साधारणपणे बाजूच्या फिनच्या मागच्या टोकापासून मधल्या फिनच्या पुढच्या टोकापर्यंतच्या पट्ट्यात येतो, आणि पुढचा त्याच्यापुढे ५० ते ५५ सेंटीमीटरवर. दोन स्क्रूंमधील अंतर सुमारे १५ सेंटीमीटर असते, पण तुमच्या हातातले स्ट्रॅप मोजूनच आखणी करा.

स्ट्रॅप पावलाच्या पुढच्या भागावर येतो, त्यामुळे त्याची रेषा स्ट्रिंगरवर (बोर्डाच्या मधोमध लांबीभर जाणाऱ्या पट्टीवर) न येता बोटांच्या बाजूला तीन-चार सेंटीमीटर सरकते. ही सोयीचीच गोष्ट आहे, कारण लाकडी स्ट्रिंगर कापावा लागत नाही. पण त्याचबरोबर तुमचा पुढचा पाय कायमचा ठरून जातो. एका दिशेला नेहमीप्रमाणे टाचांवर भार देऊन जाल. परतताना एकतर बोटांवर भार देऊन यावे लागेल, नाहीतर पाय स्ट्रॅपमधून काढून बदलावे लागतील. सर्फबोर्डावर पाय बदलण्याची जी मोकळीक असते, तिचा मोठा हिस्सा इथे खर्च होतो.

म्हणून माझा सल्ला असा, की बोर्डाला भोके पाडण्यापूर्वी काही दिवस फक्त मास्किंग टेपच्या खुणा करून चालवावे. आणि खरे सांगायचे तर, तुम्ही जी अडचण सांगता आहात ती निम्मी तरी तंत्राची आहे. खडबडीत पाण्यात गुडघे सैल सोडले, वेग थोडा कमी केला आणि उसळीवर बोर्डाला पायांनी दाबून न धरता त्याच्याबरोबर वर येऊ दिले, तर स्ट्रॅपशिवायही तो निसटत नाही. डेकवर मेणाऐवजी ईव्हीए पॅड (मऊ फोमची, पाय न घसरू देणारी गादी) लावून पाहा. उंच उड्या आणि जोरदार वारा हेच ध्येय असेल तर स्ट्रॅप हवेतच. विंडसर्फिंगमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवाईत ते आले ते उड्या आणि मोठ्या लाटांसाठीच, आणि १९९० च्या दशकात लेअर्ड हॅमिल्टन व त्याचे सोबती जेट स्कीमागे ओढले जाऊन प्रचंड लाटांवर उतरू लागले तेव्हाही लहान बोर्डांवर पाय टिकवण्यासाठी त्यांनी स्ट्रॅपच वापरले.

एक इशारा देऊन थांबतो. स्ट्रॅप इतकाच सैल असावा, की बोटे पलीकडे नुसती डोकावतील. पाऊल घोट्यापर्यंत आत सरकले आणि पडताना बोर्ड उलटा फिरला, तर पावलाच्या मधल्या सांध्यांची लिसफ्रँक नावाची दुखापत होऊ शकते. ती विंडसर्फरांना चांगलीच परिचित आहे आणि बरी व्हायला अनेक महिने घेते.

खारावारा

दोघांचेही मनापासून आभार. जुन्या दुरुस्तीची कड खरवडून पाहिली. आत दाणे दिसले, म्हणजे बोर्ड ईपीएसचा आहे. डेकवर वरून चिकटवता येतील असे चपट्या बुडाचे प्लगही मिळतात असे कळले. खड्डे करण्यापेक्षा ते सोपे वाटते. त्यांचा कोणाला अनुभव आहे का?

भरतीची_वाट

आहे, आणि तो संमिश्र आहे. चिकटवलेला प्लग डेकपासून सहसा सुटत नाही. सुटते ते डेकचे कवच फोमपासून. माझ्याकडे प्लगच्या बुडाला पोळीएवढा कवचाचा तुकडा चिकटलेला निघून आला होता, आणि त्याखालचा ईपीएस दाणा न् दाणा मोकळा दिसत होता. हलक्या वाऱ्यात, उड्या न मारणाऱ्या माणसासाठी आणि कडक डेकवर ते चालतील. ज्या डेकवर आधीच टाचांचे खळगे आहेत, तिथे मी ते लावणार नाही.

ईपीएसमध्ये खड्डा करणार असाल तर माझी चूक टाळा. पहिल्या वेळी मी सगळी इपॉक्सी एकदम कालवली आणि खड्ड्यात ओतली. मिश्रण जितके जास्त आणि जितके एका जागी गोळा, तितकी त्यातून निघणारी उष्णता साठत जाते. दहा मिनिटांत भांडे हातात धरवेना, खड्ड्याच्या कडांचा फोम आक्रसून मागे सरला आणि सरळ उभा केलेला प्लग हळूहळू एका बाजूला कलंडला. आता मी थोडीथोडी इपॉक्सी कालवतो, ठोकळा आधी बसवून वाळू देतो आणि प्लग दुसऱ्या दिवशी. शिवाय उघड्या ईपीएसजवळ ॲसिटोन अजिबात नेऊ नका. पुसायला घेतलेल्या ओल्या फडक्यानेही फोम वितळतो.

इपॉक्सी एका दिवसात टणक वाटते, पण नेहमीच्या तापमानाला पूर्ण ताकद यायला तिला आठवडाभर लागतो. तोपर्यंत पाण्यात उतरण्याचा मोह आवरा. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, आट्यांना थोडे ग्रीस लावा आणि लांबी नीट तपासा. स्क्रू गरजेपेक्षा लांब असला तर त्याचे टोक प्लगच्या तळाला टेकते आणि पिळताना प्लगच वर उचलला जातो. एकेका स्क्रूवर स्ट्रॅप गोल फिरू नये म्हणून दातेरी वॉशरही घाला.

खारावारा

तीन दिवस टेप लावून चालवले. पुढची खूण जिथल्या तिथे राहिली. मागची चार सेंटीमीटर पुढे न्यावी लागली, कारण आधीच्या जागी पाय ठेवला की बोर्डाचे नाक उगाच वर येत होते. टाचांखालची दुरुस्ती आधी करतो आणि मग खड्ड्यांना हात घालतो.

जुना_कारागीर

मागची जागा पुढे सरकली हे कामाच्या दृष्टीनेही बरेच झाले. मागच्या स्ट्रॅपचा शेपटाकडचा प्लग मधल्या फिनच्या बॉक्सशेजारी (फिन ज्यात बसतो त्या खाचेशेजारी) येतो, आणि त्या भागात बोर्डाची जाडी बहुधा चारच सेंटीमीटर उरलेली असते. राउटर सुरू करण्यापूर्वी फिन काढून बॉक्सची लांबी आणि खोली खालून मोजा, ती मापे डेकवर पेन्सिलने उतरवा, आणि त्या एका प्लगचा ठोकळा बॉक्सच्या बाजूने अरुंद कापा.