अनुभव धागा : क्वीनची चढणीची वर्षं

मंडळी, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की बोलणं लगेच १३ जुलै १९८५ ला जातं. लंडनचं वेम्बली स्टेडियम, लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीतली ती वीस-एकवीस मिनिटं, पांढऱ्या बनियनमधला गायक फ्रेडी मर्क्युरी. ते थोर आहेच, त्याबद्दल वाद नाही. माझा जीव मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या काळात अडकलाय. हा बँड उभा राहिला १९७० मध्ये. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे त्यांचं गाजलेलं गाणं आलं ३१ ऑक्टोबर १९७५ ला. मधल्या पाच वर्षांत यांनी बास वाजवणारे बदलून पाहिले, रिकाम्या स्टुडिओत रात्री जागवल्या, दुसऱ्यांच्या कार्यक्रमाआधी वाजवलं. पहिला अल्बम निघाला तोही एका १३ जुलैलाच, १९७३ साली, आणि त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

चौघेही शिकलेले. गिटारवाला ब्रायन मे भौतिकशास्त्राचा, ड्रमवाला रॉजर टेलर दंतवैद्यक शिकायला लंडनला आलेला, बासवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा, फ्रेडी ग्राफिक कलेचा. हातात दुसरा रस्ता असताना ते या रस्त्यावर टिकून राहिले, याचं मला फार अप्रूप आहे.

तर लिहा. तुमच्या कामातून, गावातून, वाद्यातून तुम्हाला या वर्षांत काय दिसलं? आवडत्या गाण्यांची यादी नको, अनुभव हवेत.

पसरणीघाट

माझं बालपण वाईचं. वडील पाचगणीच्या निवासी शाळांना भाजी पोचवायचे. सुट्टीत मी टेम्पोत पुढे बसून घाट चढायचो. सेंट पीटर्स शाळेवरून कितीदा गेलो असेन, पण या शाळेत कोण शिकून गेलं ते कॉलेजात गेल्यावर कळलं.

फारोख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. पारशी घर, वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. साधारण आठव्या वर्षी पोराला समुद्रापलीकडून पाचगणीला धाडलं. सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे. 'फ्रेडी' हे नाव शाळेतलं, पियानोची तालीमही शाळेतलीच.

१९५८ च्या सुमारास पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे उभा राहून गाणारा होता ब्रूस मरे. आपला बलसारा मागे पियानोवर! क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. उरलेल्या तिघांपैकी व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेले, डेरिक ब्रांच ब्रिटनमध्ये नट झाले आणि फारंग इराणी यांनी पुण्यात सिझलरचं 'बाउंटी' चालवलं. पुण्यातल्या जुन्या खवय्यांना आठवत असेल.

मी स्वतः हार्मोनियम वाजवतो. क्वीनची सुरुवातीची गाणी ऐकताना मला सतत जाणवतं की ही पियानोवर बसलेल्या माणसाने रचलीत. गिटारवाल्याचा हात सवयीच्या पट्ट्यांत फिरतो. इथे चाल मध्येच कूस बदलते, स्वरपट्टी सरकते, एका गाण्यात तीन गाण्यांचा ऐवज असतो. गळा पुढे जगाने पाहिला, पण ती बोटं पाचगणीत तयार झाली असं मी मानतो.

हाउन्स्लोकर

वरचं वाचून राहवलं नाही. मी लंडनच्या पश्चिमेला राहते, हीथ्रोच्या अंगाला. फेल्टम इथून जवळच. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, फार माणसं मारली गेली आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इथे फेल्टमला आलं. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा. ग्लॅडस्टन अव्हेन्यूवरच्या त्यांच्या घराला २०१६ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. अगदी साधं, रांगेतलं घर आहे. मी मुद्दाम मुलांना घेऊन गेले होते.

आम्ही इथे आलो ते नोकरीचं पत्र घेऊन, विमानाने, आपल्या मर्जीने. तरी पहिल्या थंडीत माझी उमेद खचली होती. तो मुलगा घर गमावून आला आणि ईलिंगच्या कला महाविद्यालयात जाऊन १९६९ ला पदविका घेतली. नंतर रॉजरबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा ठेला लावला. बँडला 'क्वीन' हे नाव त्याने दिलं, बोधचिन्हही त्यानेच रेखाटलं. त्यात चौघांच्या राशी आहेत: सिंह राशीच्या डीकन आणि टेलरसाठी दोन सिंह, मेसाठी खेकडा, स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या, आणि सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स. खिशात काही नसताना एवढ्या थाटाचं चिन्ह काढायला मनात केवढा विश्वास लागत असेल! माझी मुलगी सध्या कला शाखेत जायचं म्हणते आहे. मी तिला अडवलेलं नाही, आणि त्यात या घराचा वाटा आहे.

लेथवाला

कोल्हापूर, उद्यमनगर. आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे आणि मी हौसेने गिटार दुरुस्त करतो. मला क्वीन कळला तो ब्रायन मेच्या गिटारीमुळे.

१९६३ मध्ये ब्रायन शाळकरी पोर होता. विकतची चांगली गिटार परवडत नव्हती, म्हणून त्याने वडिलांबरोबर घरीच करायला घेतली. वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. जवळपास दोन वर्षं लागली. मान केली ती जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनी लाकडातून. त्याला किड्यांनी पोखरलेली भोकं होती, ती काड्या घालून बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक. पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. स्वर थरथरवायच्या दांड्याच्या टोकाला विणायच्या सुईचा तुकडा, आणि ती यंत्रणा सुरीच्या धारेसारख्या पोलादी कडेवर टेकवून तारांचा ताण पेलायला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा!

माझ्यासारख्याला यातलं मर्म त्या धारेत दिसतं. दांडा दाबून सोडला की तारा पुन्हा अचूक सुरात यायला हव्यात. घर्षण जेवढं कमी तेवढं परतणं अचूक. विकतच्या गिटारींना तेव्हा हेच नीट जमत नव्हतं. मी त्या तत्त्वावर गिटारीचा एक पूल (तारा ज्यावर टेकतात तो भाग) करून पाहिला, कडा कठीण करण्यासाठी भट्टीवाल्या शेजाऱ्याची मदत घेतली, आणि तो आजही एका मित्राच्या गिटारीवर आहे.

तीन पिकअप (तारांची थरथर टिपणारी चुंबकी वेटोळी), प्रत्येकाला वेगळं बटण आणि फेज, म्हणजे लहरीची दिशा, उलटवायला आणखी वेगळं. त्यामुळे त्या एका गिटारीतून बासरीपासून तुतारीपर्यंतचे आवाज निघतात. शिवाय तो प्लास्टिकच्या पिकाऐवजी सहा पेन्सच्या जुन्या नाण्याने छेडतो, म्हणून स्वराच्या आरंभी तो करकरीतपणा येतो. ही गिटार पहिल्या अल्बमपासून आजवर त्याच्याकडे आहे.

डीकनचंही कुणीतरी लिहा. १९७१ मध्ये तो आल्यावर चौकट पक्की झाली. रस्त्यावरच्या कचऱ्यात सापडलेल्या एका सर्किट बोर्डापासून त्याने छोटा अॅम्प्लिफायर केला आणि मेने तो रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षं वापरला. गप्प माणूस, पण हात सोन्याचे.

संत्रानगरी

मी धाग्यातली सगळ्यात लहान असेन. २०१८ चा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा क्वीनवरचा चित्रपट पाहून मी क्वीनकडे आले. चित्रपटात घटना पुढेमागे केल्यात, त्यामुळे नंतर खरा क्रम शोधत बसले, आणि तिथे मला १९७४ हे साल सापडलं.

त्या वर्षी मार्चमध्ये दुसरा अल्बम आला आणि 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' ब्रिटनच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. टीव्हीवरच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये ऐनवेळी मिळालेली जागा कामी आली. मग मॉट द हूपल या बँडच्या आधी वाजवायला अमेरिकेचा पहिला दौरा. आणि दौऱ्याच्या मध्यात ब्रायन मेला कावीळ! सगळे परत. बरा होतोय तोवर अल्सर. दवाखान्यात पडून त्याला वाटायचं, आपल्याजागी दुसरा घेतील.

दुसरा घेतला नाही. तिघांनी तिसऱ्या अल्बमची गाणी वाजवून ठेवली आणि गिटारीच्या जागा मोकळ्या सोडल्या. तो उठून आला आणि त्याने त्या भरल्या. त्याच अल्बममधलं 'किलर क्वीन' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

मला वसतिगृहात कावीळ झाली होती, सत्र बुडालं होतं. माझ्या प्रकल्पाच्या गटाने माझा भाग माझ्यासाठी राखून ठेवला होता. म्हणून तो अल्बम मी कधीच नुसता ऐकू शकत नाही.

शिवाजीपार्क

मी दादरचा, आता सत्तरीत. आमच्याकडे 'अ नाइट अॅट द ऑपेरा'ची तबकडी आली ती मर्चंट नेव्हीतल्या एका भावाच्या बॅगेतून, १९७६ मध्ये. चाळीतल्या खोलीत चार मित्र, एक रेकॉर्ड प्लेअर. 'बिस्मिल्ला' ऐकू आलं आणि आम्ही सुई उचलून पुन्हा ठेवली. हा कोण गोरा असं गातोय?

पाच मिनिटांवर पारशी कॉलनी. तिथले दोस्त बरोबर बसून ऐकायचे, आणि त्यांच्याही गावी नव्हतं की गाणारा त्यांच्यातला आहे. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो गेला, लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या, तेव्हा ही बाब आमच्या मनात पुरती उतरली. त्या दोस्तांपैकी एक त्या दिवशी माझ्या घरी आला आणि आम्ही तीच तबकडी लावली.

टेपघासू

अंधेरीत ध्वनिमुद्रणाचं काम करतो. टेपवर शिकलेल्या शेवटच्या पिढीतला.

पहिला अल्बम लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत झाला, पण गिऱ्हाइकं गेल्यावर उरलेल्या वेळात. रात्री, कधी पहाटे. उरल्या वेळात काम करणाऱ्याला सेटिंग लावून ठेवता येत नाही, रोज पहिल्यापासून आवाज जुळवावा लागतो. ते सोसून एवढा दाट आवाज काढणं ही जिद्दच.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं काम १९७५ च्या उन्हाळ्यात वेल्समधल्या रॉकफील्डला सुरू झालं, निर्माता रॉय थॉमस बेकर. २४ ट्रॅकची टेप, म्हणजे शेजारी शेजारी २४ वेगळे आवाज धरणारी. ऑपेराच्या भागातला तो समुदाय म्हणजे तीन गळे: मर्क्युरी, मे आणि सगळ्यात वरच्या पट्टीत टेलर. एक ओळ पुन्हा पुन्हा गायची, भरलेले ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्यांवर पुन्हा गायचं. पोळीला पदर सुटतात तसे आवाजाचे पदर. दर वेळी टेपचा खरखराट थोडा वाढतो आणि मागे फिरायची सोय नाही. टेप इतकी झिजली की आरपार उजेड दिसायला लागला, असं ते सांगत. आज संगणकावर मी दोनशे थर सहज रचतो. तेव्हा प्रत्येक थर म्हणजे एक निर्णय होता, आणि तो गाण्यात ऐकू येतो.

गाणं झालं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. कंपनीला ते रेडिओसाठी लांब वाटलं. केनी एव्हरेट या निवेदकाने एका शनिवार-रविवारात ते १४ वेळा वाजवलं. मग ते ९ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिलं.

ढोलकीचा बोल

सगळ्यांनी संगीताचं लिहिलं, मी पैशांचं लिहितो. नाशिकला आमचा वाद्यवृंद आहे. एका आयोजकाने आमच्या कार्यक्रमांची सगळी व्यवस्था स्वतःकडे घेतली होती. हिशेब त्याचाच, जाहिरात त्याची, साउंड त्याचं. सभागृहं भरलेली आणि आम्ही भाडं उधार देतोय, असा तो काळ.

क्वीनचं तेच होतं. १९७२ मध्ये ट्रायडेंटशी केलेल्या करारात रेकॉर्डिंग, गाण्यांचे हक्क, व्यवस्थापन, सगळं एकाच दावणीला. 'किलर क्वीन' गाजत असताना हे चौघे आठवडी पगारावर. डीकनने घरासाठी उचल मागितली, नकार. फ्रेडीला पियानो हवा होता, नकार. एप्रिल १९७५ मध्ये ते जपानला उतरले तर विमानतळावर हजारोंची झुंबड, टोकियोच्या बुडोकानमध्ये पोरींच्या किंकाळ्या. आणि लंडनला परतले ते भाड्याच्या खोल्यांत! हे वाचलं तेव्हा मी आमच्या गायिकेला फोन करून वाचून दाखवलं.

सुटका त्याच ऑगस्टमध्ये झाली. जिम बीच नावाच्या वकिलाने तडजोड घडवली: ट्रायडेंटला १ लाख पौंड आणि पुढच्या ६ अल्बमांवर १ टक्का. नवा व्यवस्थापक जॉन रीड, जो एल्टन जॉनचंही काम पाहायचा. आणि हे सगळं डोक्यावर असताना, त्याच महिन्यांत, वर टेपघासूंनी सांगितलेलं ते रेकॉर्डिंग चाललं होतं. मला ही गोष्ट गाण्याइतकीच मोठी वाटते.

आम्हीही वेगळे झालो. आता हिशेबाची वही आमच्याकडे असते आणि ती प्रत्येक वादक पाहू शकतो. जिम बीच पुढे क्वीनचा व्यवस्थापक झाला आणि कित्येक दशकं राहिला. त्या तडजोडीत गाण्यांचे हक्क नेमके कसे सोडवून घेतले, हे कुणी कायद्याच्या क्षेत्रातलं सांगू शकेल का? आमच्या दोन जुन्या गाण्यांचं अजून अडलंय.