मुलांचे पैसे नागपूरला पाठवायचे कसे? (तातडीचे)

युवा समिती:
नमस्कार मंडळी, सध्या नागपुरातच आहे. आपल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या मुलांनी दिवाळीच्या स्टॉलवर जमवलेले पैसे इथल्या ज्या बालगृहाला द्यायचं ठरलं, त्यांची एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणीच नाही. काल गेले होते. मॅडमनी पावतीपुस्तक उघडलं, पैसे अमेरिकेतून येणार म्हटल्यावर तसंच मिटवलं. मुलं पुढच्या आठवड्यात इथे पोचतील. कोणाला मार्ग माहीत आहे का?

महालचे काका:
काहून एवढा घोळ? माझ्या बहिणीच्या खात्यात टाका. ती धरमपेठेत राहते, लगेच चेक लिहून देईल.

खजिनदार:
काका, नाही. नातेवाइकाच्या खात्यातून फिरून गेला तरी तो पैसा कायद्याने परदेशी देणगीच राहतो. नोंदणी असलेल्या संस्थेलासुद्धा तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच घ्यावा लागतो. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने तो दुसरीला देणं बंद झालंय, त्यामुळे 'ओळखीच्या मोठ्या संस्थेमार्फत' हेही नको. उद्या चौकशी झाली तर निस्तरावं त्या बालगृहाला लागेल.

सदरची ताई:
भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपल्या बचतीतून दिले तर चालतं नं? आम्ही दरवर्षी देतो.

खजिनदार:
चालतं, पण ते तुमचे पैसे. हे मुलांनी जमवलेत आणि मुलं अमेरिकन नागरिक आहेत. ओसीआय कार्डाने (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) त्यात फरक पडत नाही.

सांस्कृतिक समिती:
स्टॉल आमच्या दिवाळी कार्यक्रमात होता. संस्था ठरवताना आम्हाला कोणी विचारलं नाही, याची नोंद व्हावी. शिवाय पोस्टरवरचा बालगृहातल्या मुलींचा फोटो आधी काढा. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ बघा, अशा मुलांची ओळख उघड केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

महालचे काका:
चेहरे दिसले नाहीत तर लोक पैसे देतील कशाला?

युवा समिती:
फोटो आजच काढते. पण काका, लोकांनी दिले ते आपली पोरं दिवसभर उभी राहून समजावत होती म्हणून.

सदरची ताई:
मी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजची. आमच्या कॉलेजातल्या विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. त्यातूनच स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. सुरुवात पोरांना काय हवंय ते बघण्यापासून झाली. आपल्या मुलांनी बालगृह निवडलं ते कशावरून? त्यांना विचारलं का?

मिशिगनहून वहिनी:
ताईंना दुजोरा. इथल्या कम्युनिटी फाउंडेशनच्या (स्थानिक देणग्यांतून अनुदान देणाऱ्या संस्थांच्या) युवा समित्यांत शाळकरी मुलंच अर्ज वाचतात, प्रश्न विचारतात आणि अनुदान कोणाला द्यायचं ते ठरवतात. हे केलॉग फाउंडेशनच्या मदतीने उभं राहिलं. १९३० मध्ये त्या फाउंडेशनच्या मूळ नावातच बालकल्याण होतं. आपण मुलांना फक्त चेक धरून फोटोत उभं करतोय. ही अडचणच त्यांच्यापुढे ठेवा ना. नोंदणी असलेल्या संस्था शोधा. नागपुरातल्या दोन-तीन ठिकाणी मुलांना जाऊ द्या. किती मुलं आहेत, शाळेत कोण सोडतं, आजारी पडलं तर रात्री कोण असतं, हे त्यांनी स्वतः विचारावं.

खजिनदार:
तोवर पैसे मंडळाच्या खात्यात. घाईने चेक निघणार नाही.

युवा समिती:
मान्य. शनिवारी मुलांची बैठक लावते, मोठ्यांनी फक्त ऐकायचं. बालगृहाच्या मॅडमना मी स्वतः भेटून सांगेन, त्या वाट बघत असतील.

सांस्कृतिक समिती:
स्टॉलच्या भाड्याचं राहिलं. ते मुलांच्या पैशांतून कापू नये, आम्ही भरू.