गच्चीवरच्या शेगडीचं टेबल

बी-३०२: राम राम मंडळी. मेहुण्याने ती सिरॅमिकची कोळशाची शेगडी दिलीय ना, अंड्यासारखी दिसते ती, काल चौघांनी मिळून गच्चीवर चढवली. खाली ठेवून वाकून वाकून कंबर गेली म्हणून तिच्यासाठी टेबल करतोय. गावचं धाब्याचं घर उतरवलं त्यातलं सागवान पडून आहे. सुतार उद्या येतोय, खाली फळी, वरच्या फळीला गोल भोक, त्यात शेगडी बसवायची, झालं. कोणाची हरकत?

ए-१०१: हरकत नाही पण धुराचं बघा भाऊ, आमचे कपडे तिथेच वाळतात

सी-२०४: भो केवढ्याला पडते ही शेगडी

ए-४०३ नाना: अरे थांब, सुताराला उद्या बोलावू नको. मी लेकाकडे पुण्याला असंच टेबल केलं होतं आणि शेगडी सरळ फळीवर ठेवली, दोन तीन वेळा पेटवली तर खालची फळी काळी पडली, वास आला म्हणून कळलं नाहीतर टेबलच पेटलं असतं. बाहेरून सिरॅमिक म्हणून आपल्याला वाटतं तापणार नाही पण विस्तव बुडाशीच असतो, उष्णता खाली उतरते. लाकडावर थेट ठेवायची नाहीच. आधी २ इंची सिमेंटची फरशी, तिच्यावर शेगडीचे पाय, म्हणजे मधून हवा खेळते. नुसती फरशी ठेवून शेगडीचं बूड तिला चिकटवलं तर फरशीच तापत राहते, काही उपयोग नाही.

बी-३०२: नाना हे कोणी सांगितलंच नाही हो. आणि भोक?

ए-४०३ नाना: भोक शेगडी सगळ्यात रुंद असते तिथलं माप घेऊन, आणि सगळीकडून इंचभर मोकळं ठेवून. लाकूड शेगडीला टेकता कामा नये. पण खरी मेख मागे आहे, तिथे बिजागरी आणि स्प्रिंग असते, झाकण उघडलं की तो भाग मागे आणि खाली येतो, तिथे सुताराने गोल भोक केलं की झाकण अर्ध्यावर अडकतं. म्हणून मागे खाच ठेव आणि भिंतीपासून लांब. उंचीचं गणित असं, की झाकण आणि खालचा भाग जोडणारा लोखंडी पट्टा टेबलाच्या वर राहिला पाहिजे. पायापासून पट्ट्याच्या खालच्या कडेपर्यंत मोज, समजा १७ इंच आले, फरशी २, झाले १९, टेबल ३२ इंचाचं हवं तर खालची फळी १३ वर. तुझ्या शेगडीचं माप घे, माझं नको.

सी-२०४: नाना सिव्हिल इंजिनियर झाले 😄 पण किंमत कोणी सांगेना

ए-४०३ नाना: खालच्या बाजूला राखेचं दार असतं, हवा तिथून आत जाते, तेही फळीच्या चौकटीने झाकू नको, हात जायला जागा ठेव. राख काढायची असते.

बी-३०२: चाकं लावू का? मोठी १८ इंची आहे, ७० किलोच्या वर वजन

ए-१०१: चाकं नको बाबा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आत्ताच केलंय

ए-४०३ नाना: चाकं लावली तर ब्रेकवाली, मोठी, आणि हलवायची झाली तर ढकलायचं नाही, ओढायचं. ढकलताना पुढचं चाक अडलं की सगळं टेबल तोंडावर. मातीचं भांडं ते, एकदा आपटलं की गेलं. मी तर म्हणतो चाकं नकोच, चार पायांखाली रबरी पॅड दे, कोबाही वाचतो.

सी-१०३ काकू: हे सगळं ठीक आहे. मला एक सांगा, भरीत होतं का त्यात? बामणोदची वांगी यायला लागली की मी पहिली येणार

बी-३०२: काकू होतं ना, निखाऱ्यावर ठेवून झाकण लावलं की झालं

सी-१०३ काकू: कपाशीच्या काड्यांवर भाजल्याची चव येणार नाही. पण बघू. तेल लावून, टोचून टाका, नाहीतर फुटतात. भरीत ठेचायची लाकडी बडगी मी आणते, कळण्याच्या पुऱ्या सगळ्यांनी वाटून करा, मागच्या वर्षी मी एकटीनेच लाटल्या

ए-१०१: आणि विझवताना पाणी टाकू नका हं, गरम सिरॅमिकवर पाणी म्हणजे तडा. वरचं खालचं दोन्ही झरोके बंद केले की हवाच मिळत नाही, विझतं, उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. माझ्या भाच्याकडे आहे. पावसात मात्र जिन्याच्या खोलीत पेटवू नका कोणी, कोळशाच्या विषारी वायूचा वासही येत नाही

बी-३०२: बरोबर. नाना, लाकडाला जवसाचं तेल लावू ना? आपल्या मे महिन्याच्या उन्हात पॉलिश टिकत नाही

ए-४०३ नाना: लाव. फळ्यांत फट ठेव, पाणी निघून जाईल, लाकूड फुगलं तरी जागा राहते. आणि तेलाचे चिंधे गोळा करून कोपऱ्यात टाकू नको, आपोआप पेट घेतात ते, पसरून वाळव मग फेक. स्क्रू स्टीलचेच.

बी-३०२: सुताराला रविवारी सकाळी ९ ला बोलावतो. नाना तुम्ही टेप घेऊन या

ए-४०३ नाना: येतो. चहा लागेल

सी-२०४: किंमत भो किंमत