मदत हवी आहे : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याचा कोरडेपणा

माझ्या ६८ वर्षांच्या आईच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन ५ आठवडे झाले असून, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब दिवसातून ६ वेळांपासून दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत आता एकदाच घालावे लागतात. दिसते स्वच्छ, पण दुपारी पोथी उघडली की डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते आणि पाणी वाहते (पदराने टिपू नकोस, हे रोज सांगावे लागते), तरी डॉक्टर याला कोरडेपणाच म्हणतात. स्टेरॉइडच्या बाटलीत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेले रसायन) आहे, आणि त्यानेही कोरडेपणा वाढू शकतो. परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रूंनी (डोळा ओला ठेवणाऱ्या थेंबांनी) कोणाला फरक पडला का, आणि त्रास थांबायला किती आठवडे लागले, हे कृपया कळवावे. स्टेरॉइडमध्ये आम्ही आपल्या मनाने बदल करणार नाही.